बारावीनंतर व्यायामशास्त्र आणि पोषण: लेकीला या पदवीला पाठवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका वडिलांची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटमध्ये मेडिकलइतके मार्क पडले नाहीत. ती ८०० मीटर धावते, विभागीय स्पर्धेपर्यंत पोचली आहे, आणि आता तिला व्यायामशास्त्र आणि पोषण या विषयात बीएस्सी करायचं आहे. घरातली मंडळी म्हणतात, "लाखो रुपये घालून शेवटी जिममध्येच उभी राहणार ना?" वडील विचारतात: यात नेमकं काय शिकवतात, पुढे काय, आणि पुण्या-मुंबईला किंवा परदेशात पाठवण्यात अर्थ आहे का?

दादा, मी अठरा वर्षं सोलापुरात हेच काम करते. सकाळी मैदानावरची पोरं आणि दुपारी मधुमेहाची, गुडघेदुखीची माणसं. त्यामुळे आधी उत्तर देते, मग कारणं. पाठवा. पण रसायनशास्त्र नको म्हणून ती इकडे वळत असेल तर पाठवू नका, कारण पहिल्या वर्षी तिच्यासमोर तेच येऊन उभं राहणार आहे. आणि ही पदवी घेतली की मुलगी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा हॉस्पिटलची डायटिशियन होते असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

आता शिकवतात काय? तिच्याच शर्यतीचं उदाहरण घ्या. शिट्टी वाजल्यावर पहिले काही सेकंद तिचे स्नायू साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट इंधनावर चालतात. मग स्नायूतली साखर ऑक्सिजनशिवाय फोडली जाते आणि पाय जड व्हायला लागतात. लोकांना वाटतं ८०० मीटर म्हणजे सगळा दम रोखून मारलेला जोर. प्रत्यक्षात या शर्यतीतली साठ-सत्तर टक्के ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते, आणि पहिला राउंड संपायच्या आतच तो भार फुप्फुसं आणि हृदयावर आलेला असतो. म्हणून तिच्या कोचनं तिला नुसते २०० मीटरचे झपाटे मारायला लावले तर तिची वेळ एका जागी अडकते. हे का होतं, हे समजायला पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांपर्यंत जावं लागतं. तिथे ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांची साखळी, म्हणजे क्रेब्ज सायकल, घोकून नाही, समजून घ्यावी लागते. पाय जड होण्याचा दोष लॅक्टिक आम्लावर टाकायची जुनी सवय आहे, ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं तेव्हापासून हे आम्ल चर्चेत आहे. पण पुढच्या संशोधनानं दाखवलं की लॅक्टेट (हे आम्ल शरीरात ज्या रूपात असतं ते) हा कचरा नाही, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. मैदानावर आजही "लॅक्टिक साचलंय, मालिश करा" ऐकू येतं. पदवीनं मुलीला एवढं तरी बळ मिळायला हवं की ती हे वाक्य ऐकून थांबेल आणि विचारेल, कशावरून?

शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन, बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र), क्रीडा मानसशास्त्र, पोषण, अन्नशास्त्र हे विषय बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांत असतात. त्यांची यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. ज्या विषयाकडे मुलं कंटाळा करतात तो म्हणजे संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, आणि माझ्या मते पदवीची खरी किंमत तिथेच आहे.

एक अभ्यास सांगते, तो या क्षेत्रातला प्रत्येक विद्यार्थी शिकतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ साली त्यांनी छापलं की दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बस कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी तपासल्या, आणि १९५६ मध्ये दाखवलं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, आणि तरुण ड्रायव्हरांचीही. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. जाडसर माणसं मुळातच ड्रायव्हरकीला जात असतील. स्वतःच्याच निष्कर्षाला स्वतः प्रश्न विचारायचा, तोही शिंप्याच्या मापातून. तुम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगितलं. इन्स्टाग्रामवर रोज नवा डाएट येतो, त्या काळात हा संशय घेण्याचा सराव मुलीला आयुष्यभर उपयोगी पडेल.

आता व्यायाम आणि पोषण हे दोन विषय एकाच पदवीत का हवेत, ते एका मुलीच्या गोष्टीतून सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत.

तीही ८०० मीटरवालीच. दहावीत २ मिनिटं ३१ सेकंद धावायची, अकरावीत २ मिनिटं ४४ वर गेली. कोच म्हणाले, लक्ष नाही, मोबाइल वाढलाय. घरचे म्हणाले, अभ्यासाचा ताण. तिला माझ्याकडे आणलं ते "ताकदीची पावडर लिहून द्या" म्हणून. मी पावडरीबद्दल काही बोलले नाही. तिला वही दिली आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा दिला. सात दिवस जे खाशील ते तोलून लिही, म्हटलं. वही आली. पहाटे साडेपाचला मैदान, त्याआधी चहा आणि दोन खारी. आल्यावर घाईत कॉलेज. दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी भाजी, त्यातली एक पोळी मैत्रिणीला. संध्याकाळी पुन्हा सराव. रात्री दीड भाकरी, पातळ आमटी. वजन वाढलं की वेग कमी होतो असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं.

हिशोब मांडला. दिवसाचं खाणं सरासरी १,५०० किलोकॅलरी. सरावात जाळल्या जायच्या ४५० च्या आसपास. वजन ४६ किलो, त्यातली चरबी वगळली तर ३८. म्हणजे शरीराच्या रोजच्या कामांसाठी उरल्या १,०५० किलोकॅलरी, दर किलोमागे २७-२८. हा आकडा ३० च्या खाली गेला की शरीर काटकसर सुरू करतं. निरोगी मुलीत तो ४५ च्या जवळ असावा असं शिकवतात. काटकसर कुठे होते? पाळीत, हाडांत, रक्त तयार करण्यात. मी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं. चार महिने पाळी नव्हती. आईला वाटत होतं, खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच.

असं होत नसतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या दुखण्याला नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता. पाळी थांबणं हे या मुलींच्या शरीरानं दिलेलं निवेदन आहे, आणि ते वाचता येणारं माणूस मैदानावर नसतं. मी तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनही कमी. औषध त्यांनी दिलं. माझं काम खाण्याचं. सरावाआधी एक केळ, सरावानंतर अर्ध्या तासात गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू आणि दूध, डब्यात घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, रात्री दोन भाकऱ्या, सोबत अंडं. चहा जेवणाबरोबर नाही, कारण चहातले घटक अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. लिंबू मात्र जेवणात हवं, त्याचा उपयोग उलटा होतो. कोचना समजावून तीन आठवडे संध्याकाळचा सराव बंद केला, ते सगळ्यांत अवघड गेलं. पाचव्या महिन्यात पाळी आली. वेळ सुधारायला त्याहून जास्त दिवस लागले.

नुसतं व्यायामशास्त्र शिकलेल्या माणसानं तिचा सराव बदलला असता, नुसतं पोषण शिकलेल्यानं लोहाची यादी दिली असती. ४५० किलोकॅलरी आणि दीड भाकरी एका ओळीत मांडायची तर दोन्ही यावं लागतं. तुमच्या लेकीचंही याच वयात धावणं सुरू आहे, तेव्हा हे तिच्या आईला जरूर वाचायला द्या.

खाण्याचं शिकवताना आपल्याकडे एक खोट राहते, ती मी स्वतः भोगली. माझ्या शिक्षणात उदाहरणं आली ती ओट्स, ब्रोकोली आणि सामन माशाची. इथे परतल्यावर एका तालमीतल्या पैलवानाला मी तसाच तक्ता करून दिला. त्यानं आदरानं घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि वस्तादांनी सांगितलेला खुराक चालू ठेवला. त्याचं बरोबर होतं. मग मी सोलापूरचं ताट शिकायला बसले. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात. एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर सहा. पण ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी आहे, आणि तुरीत, मुगात, मटकीत ते भरपूर. भाकरी-आमटी ही जोडी आजीनं पुस्तक न वाचता जमवली होती. फक्त आमटी पातळ झाली की जोडी मोडते. शेंगाची चटणी उत्तम, पण चमचाभर चटणीत प्रथिनं किती आणि तेल किती, हे तोलल्याशिवाय कळत नाही. सर्वसाधारण प्रौढाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आपल्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं मार्गदर्शन सांगतं. जोरात सराव करणाऱ्या खेळाडूला १.२ ते २ ग्रॅम लागतात. याच संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते नव्यानं छापले. मुलगी जिथे शिकेल तिथे ते तक्ते वापरतात का, एवढं विचारलंत तरी त्या कॉलेजचा बराच अंदाज येईल.

उन्हाचंही तसंच. एप्रिलमध्ये पार्क मैदानावर एका फुटबॉलवाल्या मुलाचं वजन मी सरावाआधी घेतलं, ५८.६ किलो. सव्वा तासानं अंग पुसून पुन्हा घेतलं, ५७.४. मधल्या वेळात तो अर्धा लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे घाम गेला १.७ लिटर, आणि शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घटलं. इथून पुढे वेग आणि लक्ष दोन्ही ढासळतात. त्याच मैदानावर त्याच्या शेजारच्या मुलाचा घाम जेमतेम ८०० मिलिलिटर होता. दोघांना "भरपूर पाणी प्या" असं एकच वाक्य सांगणं चूक आहे. फार कमी घाम येणाऱ्यानं नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं मिश्रण. साखर आणि मीठ लहान आतड्यात एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांवर हेच तत्त्व वापरून हजारो जीव वाचवले. मैदानावरच्या बाटलीत तेच शास्त्र आहे.

तालमींबद्दल एकच सांगते. वजनगटात बसायला पोरं प्लास्टिकचे सूट घालून पळतात, थुंकत बसतात, दोन दिवस पाणी तोडतात. १९९७ साली अमेरिकेत महिन्याभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर अशाच प्रकारानं गेले आणि तिथले नियम बदलले. पॅरिसमध्ये २०२४ ला विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली, तेव्हा सगळा देश काट्याबद्दल बोलला. आपल्या जिल्ह्यात हे दर हंगामाला घडतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. प्रत्येक तालुक्याला एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी या कामाला हवी आहे, एवढी गरज आहे.

आता परवान्यांचं, ते नीट वाचा. डायटिशियन हा वेगळा रस्ता आहे. त्याला पोषण किंवा डायटेटिक्स (आहारशास्त्र) यातलं पदव्युत्तर शिक्षण, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप आणि नोंदणीकृत डायटिशियन व्हायचं तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा लागते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं पोषणतज्ज्ञांचा व्यवसायही आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आहे. फिजिओथेरपीला फिजिओथेरपीचीच पदवी लागते. परदेशातही असंच: ब्रिटनमध्ये "डायटिशियन" हे पद नोंदणीशिवाय लावता येत नाही, ऑस्ट्रेलियात व्यायामशास्त्राची मान्यता एक संस्था देते आणि डायटेटिक्सची दुसरी. एजंट तुम्हाला "न्यूट्रिशन म्हणजे तेच हो" म्हणेल. त्याला मान्यतेचा कागद मागा. आणि घरबसल्या ऑनलाइन पदवीच्या नादी लागू नका. २०२५ पासून यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) अन्न-पोषण आणि डायटेटिक्ससारखे आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केली आहे.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, प्रयोगशाळा उघडायला लावा. ट्रेडमिलशेजारी श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र आहे का? असेल तर त्याची नळी, मुखवटा वापरलेला दिसतो का, की प्लास्टिकमध्येच गुंडाळलेला आहे? तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की तुम्ही स्वतः किती जणांची चाचणी घेतली. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, इंटर्नशिप कुठे, शिकवणाऱ्यांत शरीरक्रियाशास्त्राचा माणूस आहे का. काही संस्थांत नाव व्यायामशास्त्राचं आणि आत निम्मा अभ्यासक्रम क्रीडा व्यवस्थापनाचा असतो. प्रवेशाआधी विषयांची पूर्ण यादी हातात घ्या. दक्षिणेत मणिपाल आणि चेन्नईचं श्री रामचंद्र ही या विषयाची जुनी-जाणती ठिकाणं. मुंबईत गृहविज्ञानाच्या कॉलेजांना पोषणाची मोठी परंपरा आहे. लांब पाठवायचं नसेल तर इथेच रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी करून पुढे एमएस्सीला वळता येतं, मात्र त्या एमएस्सीची प्रवेशाची अट आजच वाचून ठेवा, तीन वर्षांनी नाही. परदेश मी पदवीला नाही, पदव्युत्तरला सुचवेन. अठराव्या वर्षी कर्ज मोठं आणि विषयाची खात्री छोटी असते.

कमाईचं खरं सांगते. सुरुवात बारीक असते. पहिली दोन-तीन वर्षं अकादमी, फिटनेस सेंटर, शाळा, एखादं हृदयरोग पुनर्वसन केंद्र इथे शिकत काढावी लागतात. जिममध्ये उभं राहणं यात कमीपणा काय आहे? शंभर माणसं रोज तिथे चुकीच्या पद्धतीनं वजन उचलतात. पण या शहरातलं मोठं काम जिमच्या बाहेर आहे. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका, रात्रपाळीला मागावर उभे राहणारे कामगार, पन्नाशीत साखर निघालेले दुकानदार. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं की पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, हे समजावून सांगणारं माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या कारखान्यातल्या कामगारांपासून तुमची लेक सुरुवात करू शकते.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. बाजारातून डिजिटल वजनकाटा आणा, चांगला येतो. तिला सांगा, सात दिवस घरातल्या एका माणसाचं खाणं तोलून लिहायचं, स्वतःचं नाही, तुमचं लिही म्हणा. सकाळी उठल्यावर तुमची नाडी मोजायची, जेवणानंतर चालल्यावर मोजायची. आठव्या दिवशी ती वही मिटून ठेवते की "बाबा, रविवारी तुमची नाडी एवढी वेगळी का आली?" असं विचारत बसते, ते पाहा. विचारत बसली, तर ती वही घेऊन कॉलेजच्या मुलाखतीला जा.